फॅक्स मॉडेमच्या नावाखाली ११,५०० ला गंडवलं, सावध राहा

सांगायची लाज वाटतेय पण लिहितोच, कारण हा मॉडेम विकणारा माणूस बॅग घेऊन अजून फिरतोय. आमचं छोटं ट्रान्सपोर्टचं ऑफिस, पार्ट्यांना रेट फॅक्सनेच लागतात, म्हणून विंडोज एक्सपीवाल्या कॉम्प्युटरला त्याच्याकडून फॅक्स मॉडेम (फोनच्या लाईनवरून कॉम्प्युटरनेच फॅक्स पाठवायचं-घ्यायचं यंत्र) बसवून घेतलं. मॉडेम ३,८००, 'लायसन्स फॅक्स सॉफ्टवेअर' ४,५००, बसवायचे १,२००, वर्षाची एएमसी म्हणजे देखभाल २,०००. सगळे रोख, आणि पावती कोऱ्या लेटरहेडवर, व्हॅट नंबर नाही काही नाही. बिल नसेल तर पैसे देऊच नका.

त्याने टेस्ट फॅक्स 'मागवून' दाखवला तो क्षण आठवला की अजून जीव जळतो. त्याच लाईनवरचा फोन माझ्या टेबलावर, तो वाजलाच नाही. मॉडेमची ती कर्कश शीळ पण नाही, आणि प्रिंटरमधून कागद आला तो एकदम कोरीव, लेझर प्रिंटसारखा. अहो फॅक्सची अक्षरं कडेला दातेरी दिसतात, वर पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख-वेळ अशी बारीक ओळ असते, दहा वर्षं फॅक्स बघतोय मी! पेन ड्राईव्ह लावलेला होता, त्यातलीच फाईल प्रिंट केली त्याने. पण समोर दोन ड्रायव्हर हिशोबाला उभे, फोन चालू, अशात कोण कागद निरखत बसणार. मी काही अडाणी नाही, टॅली माझं मीच करतो.

आठ दिवस एक फॅक्स गेला नाही की आला नाही, दोन पार्ट्यांचं काम हातचं गेलं. तो म्हणे लाईन खराब, लाईनमन म्हणे लाईन ओके. शेवटी भाच्याने हायपरटर्मिनल (एक्सपीमधला मॉडेमला थेट कमांड द्यायचा प्रोग्राम) उघडून एटी+एफक्लास=? टाकलं, म्हणजे तुला काय काय जमतं असं मॉडेमलाच विचारलं, उत्तर आलं नुसतं ०. म्हणजे फक्त डेटा, फॅक्स नाहीच त्यात, १ किंवा २ यायला हवं. पैसे द्यायच्या आधी हे तुमच्यासमोर टाकायला लावा. 'छप्पन के म्हणजे फास्ट फॅक्स' ऐकून भुलू नका, तो इंटरनेटचा स्पीड, साधा फॅक्स १४.४ के वरच चालतो. आणि ते ४,५०० चं सॉफ्टवेअर? एक्सपीच्या सीडीवर फुकट असतं, अ‍ॅड-रिमूव्हमध्ये विंडोज कंपोनंट्समध्ये जाऊन फॅक्स सर्व्हिसेसला टिक करायची, झालं.

चौकीत दोन तास बाकावर बसवलं. साहेब म्हणे वस्तू तर दिलीये ना, मग चीटिंग कुठंय, हे दिवाणी मॅटर, ग्राहक मंचात जा. तिथे गेलो तर काउंटरवरची बाई वर न बघता म्हणाली धंद्यासाठी घेतलंय ना, मग तुम्ही ग्राहकच नाही. म्हणजे धंदा करणाऱ्याने लुटून घ्यायचं का? पोटापुरता स्वतःचा धंदा असेल तर चालतं असं वकिलाने सांगितलं, ते तिथे का नाही सांगत कोणी? परत चौकीत गेलो तर आधीचा अर्ज सापडत नाही म्हणे, आणि पोचेवर शिक्का मारलेला नाही म्हणून ती धरत नाहीत. अर्ज देताना शिक्का मारल्याशिवाय हलू नका. सोमवारी नवीन अर्ज घेऊन परत जातोय, मॉडेम पण पिशवीत घालून नेणार आहे.