फॉर्म ४५ ची ऑनलाइन सेवा: छोट्या पक्षाची मतं शोधायला कितपत कामाची?

जमात-ए-इस्लामी या धार्मिक पक्षाचा पाकिस्तानातल्या २०२४ च्या निवडणुकीचा हिशेब एका आकड्यात संपतो: नॅशनल असेंब्लीत, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, शून्य. १९७० ला चार जागा, १९९३ ला इस्लामिक फ्रंट या नावाने तीन, २०१३ ला तीन, मध्ये १९९७ आणि २००८ चे बहिष्कार. एवढं पाठ असलं, तरी मतं नेमकी कुठे पडली आणि कुठे आटली हे त्यातून कळत नाही. जून २०२३ मध्ये कराचीच्या महापौरपदासाठी १७३ विरुद्ध १६० अशी लढत देणारा पक्ष आठ महिन्यांनी शून्यावर का आला, याचं उत्तर मतदान केंद्रांच्या कागदांत आहे. ते कागद, म्हणजे फॉर्म ४५ आणि त्याच्या जोडीचे फॉर्म, पाकिस्तानच्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

सुरुवात फॉर्म ३३ पासून करा. त्यात उमेदवारांची नावं चिन्हांसकट असतात, जमातचं चिन्ह तराजू. हे आधी केलं नाही तर पुढच्या हस्तलिखित याद्यांमध्ये सारख्या नावांचे दोन उमेदवार हमखास गोंधळ घालतात. मग मतदारसंघ निवडून फॉर्म ४५ उघडा. केंद्राध्यक्षाने मतमोजणी संपताच जागेवर भरलेला हा कागद, म्हणून सगळ्यात मोलाचा. ४६ मध्ये मतपत्रिकांचा हिशेब, ४७ मध्ये तात्पुरता एकत्रित निकाल, ४८ मध्ये केंद्रवार गोषवारा, ४९ मध्ये अंतिम निकाल.

४७ आणि ४९ मध्ये थोडा फरक दिसला म्हणून लगेच संशय घेऊ नका. टपाली मतं नंतर मिळवली जातात आणि केंद्रावर बाद ठरवलेल्या मतपत्रिका निर्वाचन अधिकारी पुन्हा तपासतो. शंका घ्यायची जागा वेगळी आहे: एखाद्या केंद्राच्या ४५ वरचा आकडा त्याच केंद्रासमोर ४८ मध्ये जुळत नसेल तर. तिथे ४५ वरच्या सगळ्या उमेदवारांची मतं आणि बाद मतं यांची बेरीज करून ती ४६ शी ताडून पाहा. खाडाखोड झालेला आकडा बहुतेक वेळा या बेरजेतच उघडा पडतो.

सेवेची खरी दुखरी बाजू म्हणजे हे सगळे कागद स्कॅन केलेली चित्रं आहेत. शोध चालत नाही, बेरीज होत नाही, काही पानं इतकी पुसट की ३ आणि ८ ओळखू येत नाहीत. मोठ्या पक्षाला एका केंद्रात पाच-दहा मतांनी फरक पडत नाही, पण जिथे छोट्या पक्षाची एकूण मतंच पंधरा-वीस आहेत तिथे चुकीचा वाचलेला एक अंक सगळं चित्र पालटतो. म्हणून आकडे दोघांनी वेगवेगळे उतरवून मग ताडावेत.

वेळेच्या बाबतीत तर सेवा साफ नापास. कायद्याने मतदानानंतर १४ दिवसांत हे फॉर्म प्रसिद्ध व्हायला हवेत. मतदान ८ फेब्रुवारीला झालं, फॉर्म आले ५ मार्चला. मधल्या काळात प्रत्येक पक्षाच्या हातात आपापल्या एजंटांनी आणलेल्या प्रती होत्या आणि पडताळायला अधिकृत प्रत नव्हती. या कागदाचं वजन किती, ते कराचीच्या पीएस-१२९ या सिंध प्रांतिक विधानसभेच्या मतदारसंघात दिसलं. जमातचे हाफिज नईम उर रहमान तिथे २६ हजारांहून अधिक मतांनिशी विजयी घोषित झाले. पण इम्रान खान यांच्या पीटीआय पक्षाच्या पाठिंब्यावर लढलेल्या प्रतिस्पर्ध्याची ३१ हजार मतं ११ हजार दाखवली गेली असं सांगून त्यांनी ती जागा सोडली. छोट्या पक्षाने हातातली जागा सोडणं ही साधी गोष्ट नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते पक्षाचे अमीर, म्हणजे प्रमुख, झाले.

पाचपैकी अडीच गुण. ते अडीचही केवळ केंद्रवार कागद खुले ठेवल्याबद्दल. वापरणार असाल तर एका वेळी एकच प्रांतिक मतदारसंघ घ्या. नॅशनल असेंब्लीच्या एका जागेत शेकडो केंद्रं असतात, ती हाताने उतरवताना चुका वाढतात. फाइल उतरवतानाच तिला केंद्र क्रमांकाचं नाव द्या, नाहीतर ४८ शी जुळवताना पुन्हा एकेक पान उघडत बसावं लागतं.