व्हर्च्युअलबॉक्स, आठ महिने वापरून: फुकटचं आहे, पण व्हीडीआय फाइल फुगून बसते

व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर (व्हर्च्युअल मशिन) चालवणारं सॉफ्टवेअर, आणि व्हीडीआय म्हणजे त्या आतल्या मशिनची डिस्क साठवणारी फाइल. माझ्याकडे कृषी केंद्राचं बिलिंगचं जुनं सॉफ्टवेअर, त्यासाठी विंडोज १०चं व्हर्च्युअल मशिन, ८ जीबी रॅमपैकी ४ जीबी त्याला. वेगाबद्दल तक्रार नाही. पाचाचे तीन स्टार झाले ते पेरणीच्या हंगामात, दिवसातून चारदा लाईन जायला लागल्यावर. ६०० व्हीएच्या यूपीएसची बॅटरी इकडचे दोन उन्हाळे काढले की दोन मिनिटंही धरत नाही. तेवढ्यात आतलं विंडोज बंद करून मग बाहेरचं बंद करणं होत नाही. चालू मशिनखालून वीज गेली की दोन्हीकडचं लिखाण अर्धवट राहतं. मग आतला स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्ज उघडल्याबरोबर मिटतं.

अशा वेळी बहुतेक जण विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स सांधणारी कमांड, एसएफसी /स्कॅननाऊ, थेट मारतात, ‘काही फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत’ असं आलं की फॉरमॅटला निघतात. एसएफसी चांगली प्रत उचलतं ती विंडोजच्याच विनएसएक्सएस फोल्डरमधून. कोठीतलं बियाणंच किडलं असेल तर पेरणार काय? म्हणून आतल्या विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिस्कवरच्या नोंदींतल्या चुका दुरुस्त करणारं चेकडिस्क सी: /एफ, मग रीस्टार्ट. नंतर ती कोठीच दुरुस्त करणारं डिस्म /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ, आणि शेवटी एसएफसी. डिस्म ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ थांबतं. अडकलं समजून खिडकी बंद करू नका.

डिस्म दुरुस्तीच्या फाइल्स नेटवरून ओढतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा तिथेच संपतो. त्यापेक्षा त्याच आवृत्तीची, त्याच भाषेची आयएसओ फाइल (विंडोजच्या इन्स्टॉल डिस्कची प्रत) मशिनच्या ऑप्टिकल ड्राइव्हला जोडा आणि /सोर्समध्ये तिच्यातली इन्स्टॉल.विम (विंडोजच्या मूळ फाइल्सचा गठ्ठा) दाखवून, नेटवर जाऊ नये म्हणून पुढे /लिमिटॲक्सेस लावा. काही आयएसओत विमऐवजी ईएसडी असते, तिथे सोर्समध्येही तसंच लिहावं लागतं. तसाही विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. बिलिंगला नेट लागत नसेल तर नेटवर्क सेटिंगमधली केबलची टिक काढूनच ठेवा.

डिस्कवरचे खराब भाग, म्हणजे बॅड सेक्टर, शोधणारं चेकडिस्क /आर मात्र आत चालवून उपयोग नाही. बॅड सेक्टर असतात ते खऱ्या डिस्कवर, तपासणी बाहेरच्या विंडोजमध्ये करायची. दुरुस्त करूनही महिन्याभरात आतल्या फाइल्स पुन्हा बिघडत असतील तर खरी हार्डडिस्क जात आलेली असू शकते. आणि एसएफसी फक्त विंडोजच्या फाइल्स सांधतं. बिलांचा डेटाबेस फाटला तर तो बॅकअपमधूनच येईल.

आता माझी खरी चीड. ६० जीबीची डायनॅमिक डिस्क, म्हणजे लागेल तशी वाढत जाणारी, सुरुवातीला व्हीडीआय फाइल २२ जीबीची. आठ महिन्यांत ४१ झाली, आत मात्र सगळं मिळून २७ जीबीच भरलेलं! आत काहीही पुसा, बाहेरची फाइल आपोआप एक एमबीनेही उतरत नाही. स्वस्तातला पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहितो, म्हणजे एका बॅकअपला सव्वा तास. तेवढ्यात पुन्हा लाईन गेली तर आनंदच. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर तर ती मावतच नाही, म्हणजे आणखी खर्च. फाइल आकसायची तर सगळे स्नॅपशॉट (मशिनची त्या-त्या वेळची जपलेली स्थिती) आधी डिलीट करून मुख्य डिस्कमध्ये मिसळा, आत एसडिलीट -झेड सी: चालवून रिकामी जागा शून्यांनी भरा, मशिन बंद करा आणि बाहेरून व्हर्च्युअलबॉक्सची कमांड व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायमीडियम डिस्क, फाइलचा पत्ता, --कॉम्पॅक्ट. ४१ची २८ झाली. या कामाला साधं एक बटण असतं तर चौथा स्टार दिला असता.

पहिल्या महिन्यात इथेच लिहिलं होतं की स्नॅपशॉट घेतला की बॅकअपची काळजी नाही. ते मागे घेतो. स्नॅपशॉटमध्ये फक्त नंतरचे बदल असतात, मूळ व्हीडीआय गेली की त्याला काही अर्थ उरत नाही. शिवाय तोही त्याच डिस्कवर. अपडेटआधी घ्या, काम झालं की काढा.

*भर:* साडेतीन स्टार. फाइल मेनूतलं एक्स्पोर्ट अप्लायन्स, म्हणजे अख्खं मशिन एका ओव्हीए फाइलमध्ये बांधून देणारं, आधी वापरलंच नव्हतं. आकसलेल्या मशिनची ओव्हीए १४ जीबीची झाली, जुन्याच ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर बसली. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल घेत नाही, आधी एक्सएफएटीने फॉरमॅट करा. त्यावरचं सगळं पुसलं जातं. एक्स्पोर्टआधी मशिन पूर्ण शटडाउन हवं, सेव्ह स्टेट पुरत नाही, ती जपलेली चालू स्थिती ओव्हीएत येत नाही. ओव्हीएत स्नॅपशॉट येत नाहीत, आत्ताची स्थिती तेवढी येते. कॉपी झाल्यावर मूळ आणि पेनड्राइव्हवरच्या, दोन्ही फाइल्सवर सर्टयूटिल -हॅशफाइल, फाइलचं नाव, एसएचए२५६ चालवून येणारा आकडा जुळवा, म्हणजे कॉपी नीट झाली की नाही ते कळतं. एकदा वेगळ्या नावाने इंपोर्ट करून कालचं बिल उघडून बघा.

दुकानातल्या पोराला एक गोष्ट दाखवून ठेवा: मशिनच्या खिडकीचा एक्स दाबल्यावर येणाऱ्या तीन पर्यायांतला शेवटचा, पॉवर ऑफ, म्हणजे लाईन जाण्यासारखंच आहे.