नागपूरच्या इतवारीतलं बिनबोर्डाचं लेथचं दुकान : साडेतीन स्टार

लेथ म्हणजे धातू फिरवून कातायचं मशीन. दुकानाला बोर्ड नाही, मॅपवर पण सापडत नाही आणि काकांना नाव विचारलं तर म्हणे "नाव कायले पाह्यजे, लेथवाले म्हणा ना". लोहा ओळीच्या मागच्या गल्लीत कोणालाही विचारा, हात करून दाखवतात.

मला काय करून पाहिजे होतं ते आधी सांगतो. कडबी चौकातलं नॅरोगेज म्युझियम पाहून आल्यावर पोराच्या डोक्यात शिरलं की आपण घरीच छोटं, खरंच चालणारं इंजिन बनवायचं, आणि खरं सांगू तर त्याच्यापेक्षा जास्त माझ्याच डोक्यात शिरलं. नेटवरून एक अमेरिकन प्लॅन काढला. वॉबलर म्हणतात त्याला, वाफेच्या किंवा हवेच्या दाबावर चालणाऱ्या इंजिनाचा सगळ्यात सोपा प्रकार. व्हॉल्व्ह वगैरे काही नाही, सिलिंडरच एका पिव्हटवर (खिळीवर) इकडून तिकडे डोलतो, आणि डोलता डोलता त्याचं भोक मागच्या प्लेटच्या एका भोकासमोर आलं की हवा आत, दुसऱ्यासमोर आलं की बाहेर. कागदावर पाच मिनिटांत समजतं, बनवायला घेतलं की घाम फुटतो.

आधी एका मोठ्या वर्कशॉपमधे गेलो होतो, त्यांनी ड्रॉइंग न पाहताच किती पीस विचारलं आणि एक म्हटल्यावर चहासुद्धा नाही विचारला. काकांनी निदान कागद हातात घेतला, दोनदा फिरवला आणि म्हणाले "सँपल आणलं का?" आता जे इंजिन अजून जगातच नाही त्याचं सँपल कुठून आणू बाप्पा. शेवटी घरी कपडे धुवायच्या साबणाच्या वडीतून सिलिंडर कोरला, मागची प्लेट पुठ्ठ्याची केली, क्रँकच्या (पिस्टनच्या धक्क्यानं शाफ्ट फिरवणाऱ्या भागाच्या) जागी टाचणी, आणि ते सगळं डब्यात घालून नेलं. बायकोचं म्हणणं काय होतं ते इथं लिहित नाही.

प्लॅन इंचात आहे म्हणून मी मिलिमीटर काढून नेले होते तर काका वैतागले, सूत सांगा म्हणे. बोर (सिलिंडरच्या आतलं भोक) 4 सूत, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 6, क्रँकचा थ्रो (शाफ्टच्या मध्यापासून क्रँकच्या खिळीचं अंतर) 3, पिव्हट ते शाफ्ट 12 आणि पिव्हट ते पोर्ट (हवेचं भोक) 5 सूत, एवढं ऐकलं आणि माणूस खुलला. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, इतवारीत आजही पाइप आणि सळई त्यातच बोलतात.)

आता ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहून राह्यलो ते. मी घाईत म्हटलं पोर्टची भोकं 4.5 एमएमची मारा, हवा जास्त जाईल, इंजिन जोरात पळेल. काकांनी लेथ बंद केला, साबणाचा सिलिंडर हळूहळू फिरवून पाहिला आणि म्हणाले, पिस्टन वर किंवा खाली टोकाला आहे तेव्हा सिलिंडरचं हे भोक प्लेटच्या दोन भोकांच्या बरोबर मधे उभं राह्यते, तेव्हा दोन्ही बंद पाह्यजे, मोठं मारलं तर हवा इकडून शिरून तिकडून पळंल, तुमचं इंजिन नुसतं फुसफुसंल. घरी येऊन हिशेब केला. थ्रो भागिले पिव्हट ते शाफ्टचं अंतर म्हणजे 3 भागिले 12, त्याला 5 सुतानं गुणलं की भोक मधल्या रेषेपासून साधारण 4 एमएमच सरकतं. प्लेटची भोकंही मधल्या रेषेपासून तेवढीच दूर आणि त्याच मापाची, म्हणजे मधे असताना एकमेकांवर येऊ नयेत म्हणून भोक 4 पेक्षा लहानच पाहिजे, काकांनी 3.5 चा ड्रिल घेतला होता. आयुष्यात असं इंजिन न पाहिलेल्या माणसानं साबणावरून हे सांगितलं.

पितळी चौकोनी तुकडा फोर-जॉ चकमधे (लेथची चार जबड्यांची पकड) सेट करायला त्यांना पाऊण तास लागला, पण बोर रीमर (भोक गुळगुळीत करायचं हत्यार) मारून आरशासारखा. फ्लायव्हील (शाफ्टवरचं जड चाक) तर भारीच, तराजूचं जुनं बिडाचं वजन आणायला लावलं, ते षटकोनी असल्यामुळे थ्री-जॉमधे (तीन जबड्यांच्या पकडीत) बरोबर बसतं. खालच्या भोकातलं शिसं काढून तिथं शाफ्टसाठी पितळी बुश (नळीसारखा तुकडा) ठोकला. बिडाची वरची कातडी कडक, म्हणून पहिला कट खोल घेतात, नाहीतर टूलची धार जाते म्हणे. काळी धूळ मात्र सगळ्या शर्टावर, पांढरं घालून जाऊ नका.

आता दीड स्टार काऊन कापले. एक म्हणजे "उद्या या". हे मी 11 दिवस ऐकलं. दुसरं, बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर आहे पण तो डब्यात पूजेला ठेवल्यासारखा, पिस्टन अंदाजानं घासत घासत बसवला (बसला छान, पण माझं बीपी वाढलं). आणि तिसरं, अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलमधे असतं (उजव्या बाजूचा व्ह्यू उजवीकडेच काढतात), आपल्याकडे कॉलेजात फर्स्ट अँगल शिकवतात (तोच व्ह्यू डावीकडे), त्यामुळे उजवीकडचा व्ह्यू डावीकडचा समजला गेला आणि हवेच्या नळीचे आटे दुसऱ्याच भोकाला पाडले. यात अर्धी चूक माझी, मी सांगायला पाहिजे होतं.

मजुरीचे 1400 रुपये झाले, पितळ आणि वजन वेगळं. बिल मागू नका. मागची प्लेट आणि सिलिंडरचा तिला टेकणारा चेहरा काचेवर 1000 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून मीच घासला, दोन रात्री गेल्या. सिलिंडर दाबून धरायला बॉलपेनची स्प्रिंग.

मग गल्लीच्या तोंडाशी पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरची नळी कॉक जरासा उघडून लावली, आधी काहीच नाही, फ्लायव्हीलला बोटानं एक टिचकी दिली आणि टकटकटक सुरू! उलटं फिरून राह्यलं होतं, कारण हवा दुसऱ्या भोकातून जाते. पोरगा म्हणे रिव्हर्स गिअर आहे. काका दुकान उघडं टाकून पाहायला आले होते, दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग बॉयलर कधी आणता विचारलं. बॉयलर नाही म्हटलं काका, घरात लेकरू आहे, आपलं हवेवरच बरं.

सकाळी 11 च्या आधी जाऊ नका. माझा साबणाचा सिलिंडर अजून त्यांच्या खिडकीत आहे, हात धुवून धुवून अर्धा संपला.