जुन्या कन्सोलवर खापर फोडून नवा माल गळ्यात मारणारे

लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा जुना प्लेस्टेशन टू किंवा तसलाच एखादा व्हिडिओ गेम प्रोजेक्टरला जोडायचा विचार असेल, तर दुकानाची पायरी चढण्याआधी हे वाचा. यात एकाच वस्तूत फसवून कोणी थांबत नाही. आधी प्रोजेक्टर, मग केबल, मग कन्व्हर्टर, आणि काहीच चाललं नाही की ‘तुमचं मशीनच गेलंय’ म्हणून रिपेअरिंग. प्रत्येक वेळी दुकानदाराचं हुकमी उत्तर एकच: ‘जुनं झालंय हो ते.’ आणि गिऱ्हाइकाला ते पटतं. घरात पडून असलेल्या वस्तूची बाजू घेऊन कोण भांडणार?

माझ्या धाकट्या भावाचा पीएस टू, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन टू, आईकडे माळ्यावर होता. भाऊ नोकरीनिमित्त बंगळुरूला. मे महिन्यात भाचरं जमली, गच्चीत पांढरी चादर ताणून त्यावर क्रिकेट खेळायचं त्यांच्या डोक्यात आलं, आणि प्रोजेक्टर तसाही घ्यायचाच होता. म्हणून पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही. हाच माल आणि हीच भाषा आणखी किती काउंटरवर चालते ते मी त्यानंतर फिरताना पाहिलं.

दुकानाच्या मागच्या बाजूला काळे पडदे लावलेली छोटी केबिन होती. आत भिंतीपासून हातभर अंतरावर प्रोजेक्टर, आणि भिंतीवर पेनड्राइव्हवरून लावलेले रंगीबेरंगी मासे पोहत होते. चित्र झकास दिसत होतं. खोक्यावर मोठ्या ठसठशीत अक्षरांत ‘१०८०पी’ म्हणजे फुल एचडी, ‘४के’ म्हणजे त्याहूनही बारीक चित्र, आणि उजेडाचं माप ‘९००० लुमेन’. ‘मॅडम, दिवसा पण दिसतं, पडदे लावायची पण गरज नाही.’ किंमत साडेअकरा हजार. मी पीएस टूचं सांगितलं, तर त्याने लगेच एक काळी केबल काढून दिली. एका टोकाला एचडीएमआय, म्हणजे नव्या टीव्ही-प्रोजेक्टरला लागणारा चपटा प्लग, दुसऱ्या टोकाला चित्र-आवाजाच्या जुन्या ‘एव्ही’ जोडणीची लाल-पांढरी-पिवळी पिन. ‘ही लावा, डायरेक्ट चालतं.’ साडेतीनशे रुपये.

घरी पडद्यावर ‘नो सिग्नल’. परत गेले. तो म्हणाला, ‘जुन्या मशीनचा सिग्नल वीक असतो, पॉवरवाला कन्व्हर्टर लागेल.’ तळहाताएवढी पांढरी डबी, चौदाशे रुपये. तरीही पडदा काळाच. मग ‘मशीन घेऊन या’. मशीन नेलं. त्याने तीच केबल, तीच डबी लावून काळा पडदा मला दाखवला, पीएस टूवर दोन टिचक्या मारल्या आणि निदान केलं: एव्हीचा आयसी, म्हणजे चित्र-आवाज बाहेर पाठवणारी चिप, उडालाय. अठराशे रुपये लागतील, मशीन ठेवून जा. ‘नाहीतर असं करा, पाचशे देतो, इथेच सोडून जा. घरी धूळच खाणार.’

मशीन मी उचलून घरी आणलं. संध्याकाळी भावाला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, ‘ताई, आधी आईच्या टीव्हीला लाव बघू.’ आईकडे अजून जुना डब्बा टीव्ही आहे. पीएस टूबरोबर आलेली मूळ वायर लावली, एव्हीवर घेतलं, आणि उडालेल्या आयसीने क्षणात चित्र दाखवलं, आवाजासकट.

म्हणजे मशीन ठणठणीत होतं आणि विकलेल्यापैकी एकही वस्तू कामाची नव्हती. हे का, ते आमच्या सोसायटीतल्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी समजावलं. त्यांनी आधी मल्टिमीटर काढला. केबलच्या पिवळ्या पिनेच्या मधल्या टोकाला एक सुई, आणि दुसरी एचडीएमआयच्या १९ पिनांवरून फिरवत गेले. एका पिनेवर मीटर ‘पी’ करून वाजला, म्हणजे ही दोन टोकं आतून थेट जोडलेली. पांढरी पिन दुसऱ्या एका पिनेवर वाजली, लाल तिसऱ्या. मग त्यांनी ब्लेडने प्लगचं रबर उभं चिरलं. आत ना चिप, ना सर्किट. तीन वायरी सरळ पिनांना डाग देऊन जोडलेल्या, वर गरम गोंदाचा गोळा.

पीएस टू जपानमध्ये मार्च २००० मध्ये आला आणि एचडीएमआयचं पहिलं मानकच डिसेंबर २००२ चं. त्यामुळे त्याला तो सॉकेट असण्याचा प्रश्नच येत नाही; सोनीच्या कन्सोलवर तो २००६ मध्ये पीएस थ्रीबरोबर आला. पीएस टूमधून बाहेर पडतो तो अॅनालॉग सिग्नल, एचडीएमआयला लागतो डिजिटल. मध्ये रूपांतर करणारी चिप हवी आणि त्या चिपला वीज हवी. म्हणून लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या ज्या ‘एव्ही ते एचडीएमआय’ केबलला वेगळी पॉवरची वायर नाही, ती पीएस टूबरोबर चालणं शक्यच नाही. हे दुकानदाराला माहीत नव्हतं असं मी मानत नाही. दुसऱ्यांदा त्यानेच ‘पॉवरवाला’ हा शब्द वापरला होता.

डबीची गंमत वेगळी. या डब्या दोन प्रकारच्या असतात. एक एव्ही घेऊन एचडीएमआय देते, तिच्यावर इंग्रजीत ‘एव्ही टू एचडीएमआय’ असं छापलेलं असतं. दुसरी नेमकी उलटी: एचडीएमआय घेते आणि एव्ही देते, म्हणजे नवा सेट टॉप बॉक्स जुन्या टीव्हीला लावायला. दिसायला जुळ्या बहिणी. मला दिली होती ती उलटी. तिच्या पिवळ्या सॉकेटशेजारी बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ छापलेलं होतं आणि आम्ही त्यातच पीएस टूची वायर खुपसत होतो. दुकानातसुद्धा त्याने तशीच लावली होती. माझ्या समोर, माझ्या मशीनला दोष देण्यासाठी.

आता प्रोजेक्टर. काकांनी लॅपटॉप जोडून १९२० बाय १०८० चं एक चित्र लावलं: एक ठिपका काळा, एक पांढरा, एक काळा, असं पूर्ण पडदाभर. आतलं चित्र उमटवणारं पॅनेल खरंच फुल एचडी असेल तर जवळ जाऊन पाहिल्यावर बारीक जाळी स्वच्छ दिसते. आमच्याकडे सगळं करडं आणि त्यावर लाटांसारखे पट्टे. मग खोक्याच्या तळाशी, बारकोडजवळ शोधलं तेव्हा ‘नेटिव्ह ८०० x ४८०’, म्हणजे पॅनेलचे स्वतःचे ठिपके, सापडलं. वरच्या ‘१०८०पी’च्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘सपोर्टेड’ होतंच. म्हणजे १०८०पीचा सिग्नल तो आत घेतो, पण दाखवतो आपल्या कुवतीएवढंच. फुल एचडीत वीस लाखांवर ठिपके असतात, याच्या पॅनेलवर ३ लाख ८४ हजार. पाचव्या हिश्शाहून कमी.

खरं सांगायचं तर पीएस टूसाठी एवढं पॅनेल पुरतं. त्याचे बहुतेक गेम मुळातच साडेचारशे-पाचशे ओळींचं चित्र देतात. याच प्रोजेक्टरचे कोणी चार हजार घेतले असते आणि खोक्यावर खरं लिहिलं असतं, तर मी तक्रार केली नसती. पैसे फुल एचडीचे घेतले, हे दुखणं आहे.

लुमेनच्या आकड्यात तर उघड लूट आहे. उजेड मोजायची जी मान्य पद्धत आहे तिला एएनएसआय लुमेन म्हणतात: पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकावरचा उजेड मोजायचा आणि सरासरी काढायची. शाळा-ऑफिसांत दिसणारे नामांकित कंपन्यांचे प्रोजेक्टर या मापाने साधारण तीन हजारांच्या आसपास असतात, आणि त्यांची किंमत याच्या कितीतरी पट. साडेअकरा हजारांत नऊ हजार लुमेन कुठून येणार? असल्या खोक्यांवर नुसतं ‘लुमेन’ असतं, मागे एएनएसआय नसतं, म्हणजे तो आकडा कशाचाही असू शकतो. केबिनमधल्या माशांचं रहस्यही इथेच आहे. तिथे चित्र जेमतेम चाळीस इंची होतं. गच्चीत आम्ही शंभर इंची केलं. कर्ण अडीचपट म्हणजे क्षेत्रफळ सव्वासहापट, उजेड मात्र तेवढाच. पावशेर लोणी घरच्या भाकरीऐवजी पंगतीच्या सगळ्या भाकऱ्यांना फासल्यासारखं. त्यामुळे पाहायचं असेल तर केबिनमधून बाहेर काढायला लावा, दुकानाचे दिवे चालू ठेवा आणि प्रोजेक्टर मागे सरकवायला सांगा. नाही म्हणाला तर तिथेच निघा.

भाचरांचं क्रिकेट शेवटी झालं. योग्य दिशेची डबी सहाशे रुपयांत मिळाली, यूएसबीने वीज दिली, चित्र आलं. पण फटका उशिरा बसायचा: बटण दाबावं आणि चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात गेल्यावर बॅट फिरावी. डबी चित्र बदलायला क्षणभर अडवून धरते, प्रोजेक्टर आणखी क्षणभर, आणि वेगवान गोलंदाजीपुढे तेवढा वेळ पुरे होतो. भाच्याने दोन विकेट गेल्यावर ‘आत्या, हे चीटिंग आहे’ म्हणून रिमोट टाकला. प्रोजेक्टरच्या मेनूत ‘गेम मोड’ असेल तर थोडा फरक पडतो. आमच्यात नव्हता.

ज्यांना खरंच चांगलं चित्र हवंय त्यांनी पिवळ्या पिनेऐवजी कंपोनंट केबल घ्यावी, म्हणजे हिरवी-निळी-लाल आणि आवाजाच्या दोन. पिवळ्या वायरीतून रंग आणि उजेड एकत्रच जातात म्हणून कडा पसरतात. पीएस टू आणि पीएस थ्रीचा मागचा सॉकेट एकच आहे, त्यामुळे पीएस थ्रीची कंपोनंट केबल मिळाली तरी चालते. ऑफिसातले बरेच जुने प्रोजेक्टर त्यांच्या व्हीजीए, म्हणजे कॉम्प्युटर जोडायच्या जुन्या, सॉकेटमधून कंपोनंट घेतात. मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. एक मात्र आधीच करा: पीएस टूच्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ ‘आरजीबी’वर असेल तर बदलून दुसऱ्यावर ठेवा, नाहीतर चित्राचे रंग बिघडतात आणि दुकानदाराला पुन्हा ‘आयसी गेला’ म्हणायची संधी मिळते. मागच्या सॉकेटमध्ये थेट बसणारा छोटा एचडीएमआय अडॅप्टरही मिळतो. त्यालाही हेच सेटिंग लागतं, आणि तो सिग्नल जसाच्या तसा पुढे ढकलत असल्याने काही प्रोजेक्टर तो घेतच नाहीत. म्हणून तो घ्यायचा तर कन्सोल आणि प्रोजेक्टर दोन्ही बरोबर न्या आणि दुकानातच चालवून पाहा.

पैशांचं सांगते. प्रोजेक्टर घेताना त्याने ‘बिल हवं तर वर जीएसटी लागेल’ असं म्हटलं होतं. खोक्यावर किंमत छापलेली असली तर तिच्यात सगळे कर धरलेले असतात, वर काही लागत नाही. मी पक्कं बिल घेतलं आणि कार्डाने पैसे दिले. बिलावर ‘फुल एचडी एलईडी प्रोजेक्टर’ असं लिहिलेलं होतं, ते पुढे उपयोगी पडलं. आमच्या खोक्यावर तर आयातदाराचं नाव-पत्ता नाही, छापील किंमतही नाही. वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापांच्या, नियमांप्रमाणे या गोष्टी पाकिटावर असाव्या लागतात, त्याचेही फोटो काढून ठेवले.

परत करायला गेले तेव्हा त्याने भिंतीवरची पाटी दाखवली: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हणूनच नोंदलेली आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवस धरतात. बिल न देणंही त्याच यादीत आहे. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि त्या नोंदीचा क्रमांक घालून दुकानाला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. भाषा साधी ठेवली: बिलावर काय लिहिलंय, खोक्याच्या तळाशी काय छापलंय, आणि पैसे न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते. एवढं वाचल्यावर त्याचा स्वतःहून फोन आला. आधी नवा प्रोजेक्टर बदलून देतो म्हणाला, मग दोन हजार कापून बाकीचे परत देतो म्हणाला, शेवटी प्रोजेक्टरचे पूर्ण पैसे कार्डावर परत केले.

केबल आणि डबीचे साडेसतराशे मात्र गेले. ते रोख दिले होते आणि बदल्यात मिळाल्या होत्या वहीच्या पानाच्या दोन चिठ्ठ्या, ज्यांवर दुकानाचं नाव नाही, तारीख नाही, नुसता आकडा आणि खाली रेघ. त्या त्याच्यापुढे ठेवल्या तर त्याने हातातही घेतल्या नाहीत. म्हणाला, ‘मॅडम, हा माल आमच्याकडचा नाहीच.’ मागच्या रॅकवर तसल्याच काळ्या केबलींचा गठ्ठा लटकत होता.