लॅक्टोज-फ्री दूध: पोट शांत, खिसा गरम

महिनाभर वापरून मग लिहायलोय. साधं दूध पिलं की आमच्या अण्णाचं पोट तासाभरात गुडगुड करायलं, म्हणून लातूरात गंजगोलाईजवळच्या एका दुकानातून हे पाकीट आणलं, साध्या दुधाच्या जवळपास दुप्पट पैसे गेले. पहिल्याच घोटाला अण्णा म्हणले, ह्यात साखर टाकली का रे? टाकलेली नसते ओ. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज, तीच अण्णाला पचत नाही; ती ग्लुकोज आन् गॅलेक्टोज ह्या दोघांची जोडी, कंपनीवाले लॅक्टेज एन्झाइम घालून ती जोडी आधीच तोडून ठेवतात, आन् सुटे झालेले दोघं जोडीपेक्षा गोड लागतात. गंमत म्हणजे दोघांचं सूत्र एकच, C₆H₁₂O₆, फरक फक्त चौथ्या कार्बनवरचा ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट) कुठल्या बाजूला तोंड करून बसलाय एवढाच! ह्या गोडव्यामुळं चहात अर्धा चमचा साखर कमी लागते. बासुंदी केली तर आटता आटता लवकरच बदामी रंग आला, बायकोला वाटलं करपली, पण चव झकास.

आता तक्रार. एक पाकीट फुगलेलं निघालं, दुकानदारानं बदलून द्यायला दोन चकरा मारायला लावल्या. आन् शुगरवाल्यांनी फसू नका, हे शुगर-फ्री नाही, साखर तेवढीच आहे. गॅलेक्टोसेमिया (शरीराला गॅलेक्टोज वापरता येत नाही असा जन्मजात आजार) असलेल्या बाळाला तर हे अजिबात चालत नाही, गॅलेक्टोज आतच असतं. पाचपैकी साडेतीन. अण्णा दही मात्र घरचंच खातात, ते त्यांना आधीपासून पचतं.