महागाईचा खरा आकडा कुठे पाहावा: ई-सांख्यिकी आणि डीबीआयई

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने जून २०२४ मध्ये सुरू केलेले ई-सांख्यिकी पोर्टल फुकट आहे आणि वापरायला सोपे आहे. 'मॅक्रो इंडिकेटर्स'मध्ये ग्राहक किंमत निर्देशांक (ज्यावरून किरकोळ महागाई मोजतात तो) निवडायचा, मग आधारवर्ष (ज्या वर्षाची किंमतपातळी १०० धरतात ते), राज्य, ग्रामीण, शहरी की एकत्रित, आणि महिना ठरवून तक्ता उतरवून घ्यायचा. जुन्या पीडीएफमधून आकडे एकेक करून टिपत बसण्याचे दिवस यामुळे संपले, आणि त्यासाठी मंत्रालयाचे मनापासून कौतुक करायला हवे.

चुका होतात त्या आधारवर्षापाशी. २०१२च्या मालिकेत निर्देशांक दोनशेच्या जवळ गेला होता. फेब्रुवारी २०२६ पासूनची नवी मालिका २०२४ = १०० धरून चालते. दोन्ही आकडे एकाच रकान्यात टाकले तर आलेखात किमती एका महिन्यात निम्म्या झालेल्या दिसतात. मंत्रालयाने दिलेल्या जोडगुणकाने, म्हणजे दोन मालिका जोडणाऱ्या गुणोत्तराने, जुनी मालिका नव्याशी जुळवूनच पुढे जावे.

दुसरी चूक तात्पुरता आकडा अंतिम समजण्याची. जुलै २०२५ची महागाई १२ ऑगस्टला १.५५ टक्के म्हणून जाहीर झाली. पुढच्या महिन्याच्या प्रसिद्धिपत्रकात तोच जुलै १.६१ टक्के झाला. बातमीचे शीर्षक मात्र आजही १.५५च सांगते. म्हणून बातमीवर न थांबता नेहमी नंतरच्या महिन्याचे पत्रक उघडावे. ते पीआयबीवर, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मिळते.

नुसत्या दरावरही विसंबू नये. ऑक्टोबर २०२५चा दर ०.२५ टक्के आला. भाज्या उतरल्या होत्या, जीएसटी कपातीचाही हातभार होता, पण ऑक्टोबर २०२४चा दरच ६.२१ टक्के होता, म्हणजे तुलनेचा पायाच उंच. हे कळायला दोन्ही वर्षांचे निर्देशांक शेजारी ठेवावे लागतात, आणि ई-सांख्यिकीचा खरा उपयोग तिथेच होतो. २०१२च्या मालिकेच्या पत्रकात राज्यनिहाय दर फक्त ५० लाखांवर लोकसंख्या असलेल्या राज्यांचे असत. महाराष्ट्र सापडे, गोवा नाही. गोव्यासाठी पोर्टलवरचा निर्देशांक घ्यायचा, त्याला मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या निर्देशांकाने भागायचे, एक वजा करून शंभराने गुणायचे. दोन मिनिटांचे काम.

व्याजदर, बँकांची कर्जे, परकीय चलनसाठा यांसाठी रिझर्व्ह बँकेचे डीबीआयई हे भारतीय अर्थव्यवस्थेच्या आकडेवारीचे संकेतस्थळ वापरावे. मालिका भरपूर आहेत, पण शोधताना नेमके नाव माहीत असावे लागते. नवख्याने बँकेच्या 'आरबीआयडेटा' ॲपपासून सुरुवात केलेली बरी. त्यात ११,००० हून अधिक मालिका आहेत. चलनसाठ्याचा आकडा रिझर्व्ह बँकेच्या दर शुक्रवारच्या साप्ताहिक सांख्यिकी पुरवणीत येतो, आणि तो आदल्या शुक्रवारपर्यंतचा असतो. तारीख लिहिताना तीच लिहावी.