बोटीचा म्हणून विकलेला कॅमेरा

कृष्णेच्या किंवा दूधगंगेच्या काठाला ज्याच्याकडं इंजिनाची नाव आहे, त्यानं हे जरूर वाचावं. ‘बोटीसाठी खास मरीन कॅमेरा, सात इंची स्क्रीनसकट पूर्ण सेट’ अशी जाहिरात मोबाईलवर फिरते. त्यातला एक सेट माझ्या काकांनी साडेअठरा हजार रुपये मोजून घेतला. डब्यातून निघाला तो मोटारगाडीच्या मागं बसवतात तसला कॅमेरा, वरचं लेबल तेवढं नवं. दुकान सीमेपलीकडचं, महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरातलं. प्रकरण चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. पण फसवायची रीत सगळी सांगतो, कारण तीच रीत उद्या दुसऱ्या पाटीखाली येईल.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी तालुक्यात, कृष्णेला लागून. काकांची नाव फायबरची, मागं आउटबोर्ड इंजिन. एरवी पलीकडच्या मळ्याला जाणारी माणसं, वैरण, खताची पोती. पावसाळ्यात कल्लोळ-येडूर बंधारा पाण्याखाली गेला आणि लांबचा वळसा पडायला लागला की तिला उसंत नसते. इंजिनाचा दांडा धरून काका मागं बसतात आणि पुढं माणसं उभी, वैरणीचे भारे रचलेले. नाळ, म्हणजे नावेचं पुढचं टोक, दिसत नाही. आणि नदीत पुढं काय काय असतं ते काठावरच्याला सांगायला नको. शेतीच्या मोटारींचे सक्शन पाइप, ते बांधलेले दोर, वाहून आलेले ओंडके, केंदाळाचे तरंगते गठ्ठे. 2019 च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढताना नाव उलटली आणि घरंच्या घरं उजाड झाली. त्यानंतर काका नाळीवर एक माणूस बसवल्याशिवाय नाव सोडत नाहीत. पण इंजिनाच्या आवाजात त्याची हाक मागं पोचत नाही. म्हणून नाळीवर कॅमेरा आणि काकांच्या गुडघ्यापाशी स्क्रीन, एवढी साधी गरज होती. कॅमेरा आला तरी नाळीवरचा माणूस उठवायचा नाही, हे आधीपासून ठरलेलं होतं.

दुकानात आम्हाला जे दाखवलं ते खरोखर चांगलं होतं, आणि फसवणुकीची सुरुवात तिथंच आहे. काउंटरवर एक सेट जोडून ठेवलेला. चित्र इतकं स्वच्छ की समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येत होती. कॅमेरा पाण्याच्या ग्लासात बुडवून दाखवला, चित्र हललं नाही. “मामा, हा मरीन माल आहे. आय.पी. 68. समुद्रात चालतो, तुमची नदी काय घेऊन बसलाय?” असं म्हणून त्यानं आम्हाला बंद डबा दिला. डब्यावर चित्र तेच, मॉडेलचा आकडाही तोच. काउंटरवरचाच द्या म्हटलं तर तो फक्त दाखवायचा, म्हणाला. डबा तिथंच उघडून जोडून दाखवा म्हटलं, तर सील तोडलं की वॉरंटी जाते असं उत्तर आलं. हे उत्तर कुठल्याही दुकानात मिळालं तर माल तिथंच ठेवा आणि बाहेर पडा. चांगल्या मालाचा दुकानदार गिऱ्हाइकासमोर डबा फोडायला कधी घाबरत नाही.

गावात आणून नावेवर बसवला. पहिलीच गोष्ट, स्क्रीनवर लाल-पिवळ्या-हिरव्या रेषा उमटल्या, गाडी मागं घेताना दिसतात त्या. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. चित्र उलटं होतं, म्हणजे आरशात दिसतं तसं. गाडीच्या मागच्या कॅमेऱ्याला ते बरोबर असतं, कारण चालवणारा पुढं तोंड करून बसलेला असतो आणि मागचं आरशासारखंच बघायची त्याला सवय असते. नाळीवर पुढं तोंड करून लावलेल्या कॅमेऱ्यात मात्र उजवीकडचा ओंडका डावीकडं दिसतो. काका ओंडका चुकवायला म्हणून दांडा वळवतील आणि नाव नेमकी त्याच्यावर जाईल. काठाजवळच्या संथ पाण्यात रिकामी नाव घेऊन तपासलं म्हणून हे कळलं. माणसं भरलेली असती तर काय झालं असतं, हा विचार घरात अजून निघतो आणि राग तिथूनच येतो. पैसे गेले हा एक भाग. जिवाशी खेळणारी वस्तू जिवाच्या रक्षणाची म्हणून विकली, हा दुसरा, आणि तो मोठा.

दुकानदाराला फोन केला. “सेटिंग आहे,” म्हणाला. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या वायरीला दोन लहान वळसे असतात, एक कापला की रेषा जातात, दुसरा कापला की चित्र सरळ होतं. काही स्क्रीनमध्येही चित्र फिरवायची सोय असते. आमच्या कॅमेऱ्याला वळसे नव्हते, स्क्रीनमध्ये सोय नव्हती. मग तो म्हणाला, उलटा टांगून बघा. उलटा टांगला की आभाळ खाली आणि नदी वर, डावं-उजवं फिरलं तरी चित्र कुणाच्या कामाचं?

पहिला मोठा पाऊस झाला, दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि काचेच्या आतून वाफ धरली. बेळगावच्या एका इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं ‘मरीन’ आणि ‘आय.पी. 68’ छापलेलं लेबल नखानं सोललं. खाली कंपनीचं मूळ लेबल होतं, त्यावर गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याचा नंबर. वायर जिथून आत शिरते तिथं रबराची कडी बसलेलीच नव्हती, वरून सिलिकॉनचा ठिपका लावला होता.

त्यानं समजावून सांगितलेलं इथं सविस्तर देतो, कारण हे ठाऊक असलेला माणूस सहजी फसत नाही. आय.पी. म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याची प्रतवारी; तिच्या पुढच्या दोन आकड्यांतला पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. 67 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून आत पाणी न जाणारा. 68 म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे बनवणाऱ्यानं स्वतः लिहून द्यायचं असतं. ते कागदावर नसेल तर नुसत्या 68 ला किंमत नाही. ग्लासात बुडवणं ही परीक्षाच नव्हे. नावेवर कॅमेरा उन्हात तापतो आणि त्यावर गार पाणी उडतं. आतली हवा आकसते आणि जिथं फट असेल तिथून ओलावा आत ओढते. म्हणून खरी कसोटी वायरीच्या तोंडाशी आणि जोडाशी असते. आणि ‘मरीन’ हा काही सरकारी शिक्का नाही. तो शब्द कुणीही छापू शकतो.

चित्राचंही तसंच. डब्यावर ‘1080’ आणि ‘ए.एच.डी.’ छापलेलं, म्हणजे नव्या पद्धतीच्या सिग्नलचं 1080 ओळींचं चित्र. पण दिलेली स्क्रीन फक्त जुन्या पद्धतीचा सिग्नल घेणारी, म्हणजे 576 ओळींचं चित्र. कॅमेरा कितीही भारी असो, स्क्रीन तो सिग्नल घेणारी नसेल तर एक तर चित्र येत नाही किंवा कॅमेरा जुन्या पद्धतीवर ठेवून चालवावा लागतो. म्हणून दोन्हीवर एकच पद्धत लिहिलेली आहे का ते बघायचं. काउंटरवरची स्क्रीन वेगळीच होती हे तिथं उघड झालं.

उजेडाची गोष्ट तर दुकानात कळणारच नाही. दुकान सावलीत, नाव भर उन्हात. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. गाडीत लावायच्या साध्या स्क्रीन साधारण 300 ते 400 च्या असतात. उघड्या नावेत दुपारी नीट दिसायला हजाराच्या आसपास लागतो, नाहीतर निदान वर खोल झापड तरी हवी. आमच्या स्क्रीनवर दुपारी काकांना स्वतःचा फेटा दिसायचा. विकत घ्यायच्या आधी स्क्रीन दुकानाबाहेर रस्त्यावर, उन्हात आणायला सांगा. बॅटरीवर चालते, आणता येते. नको म्हणाला तर समजून जा.

दुकानदारानं आधी बिनवायरचा सेट गळ्यात मारायचा प्रयत्न केला होता, तो आम्ही टाळला. असल्या सेटचं चित्र रेडिओ लहरींवर येतं, त्या लहरी पाण्याला अडतात आणि माणसाच्या अंगातही पाणीच असतं. कॅमेरा आणि स्क्रीनच्या मध्ये माणसं उभी राहिली की चित्र अडखळतं. नावेला वायरच बरी, पिळून टेप मारलेली नव्हे, तर आटे फिरवून घट्ट बसणाऱ्या चार पिनांच्या जोडाची. आणि मध्ये फ्यूज हवाच. बटणानं चालू होणारं इंजिन असेल तर चालू करताना बॅटरीचा दाब खाली येतो आणि साधी स्क्रीन विझते. 9 ते 32 व्होल्टपर्यंत चालणारी घेतली की हा त्रास राहत नाही.

आता सीमेचा भाग. माझ्या मते आम्हाला गिऱ्हाईक म्हणून निवडलं गेलं ते याच कारणानं. पैसे परत मागितले तेव्हा दुकानदार शांतपणे म्हणाला, “तुम्ही कर्नाटकातले. ग्राहक कोर्टात जायचं तर इथं यावं लागणार, तारखेतारखेला. जमतंय का बघा.” हे धादांत खोटं आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. त्याच्या 34 व्या कलमानुसार तक्रारदार जिथं राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. वस्तू कुठल्या राज्यातून घेतली याला महत्त्व नाही. निपाणीच्या माणसानं कोल्हापुरात घेतलेल्या वस्तूची तक्रार बेळगावात चालते. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, तिथं मराठीतही बोलतात.

आपल्यासारख्यांनी एक गोष्ट खास जपावी. हा कायदा धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला लागू नाही, आणि नाव भाड्यानं चालते म्हटलं की समोरचा तेच बोट धरणार. पण स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः काम करून वापरायला घेतलेली वस्तू कायद्यानं धंद्यात मोजत नाहीत. काका नाव स्वतः चालवतात, घर त्याच्यावर चालतं. तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहून घेतलं. ट्रॅक्टरवाला, रिक्षावाला, पिठाची गिरणीवाला, सगळ्यांना हे लागू होतं.

बिलातही खोट होती. दुकानदारानं आधी कोऱ्या कागदावर रक्कम लिहून दिली होती. पक्कं बिल हवंच म्हटल्यावर छापील आलं. जी.एस.टी. नंबर 15 अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29. बिलावर पत्ता महाराष्ट्राचा आणि नंबर 29 नं सुरू होणारा. जी.एस.टी.च्या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला तर तिसऱ्याच गावचं पाइपांचं दुकान निघालं. पैसे देण्याआधी मोबाईलवर हे कुणालाही बघता येतं. पैसेही दुकानाच्या खात्यावर न घेता एका माणसाच्या खात्यावर घेतले होते. तो यू.पी.आय.चा व्यवहार क्रमांक आता आमचा मोठा पुरावा आहे, म्हणून रोख दिलं नाही ते बरं झालं.

तक्रारीची नोटीस गेल्यावर काकूंच्या फोनवर एक ‘कंपनीचा माणूस’ बोलायला लागला. पैसे परत करतो, हा क्यू.आर. स्कॅन करा आणि पिन टाका. काकूंनी फोन ठेवला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो. असा फोन आला आणि पैसे गेलेच तर त्याच घटकेला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवायचं. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची आशा जास्त.

नावेवर आता दुसरा सेट आहे. बेळगावातल्या एका गाडीच्या सामानवाल्याकडून घेतला. त्यानं स्पष्ट सांगितलं, हा ट्रकचा कॅमेरा आहे, बोटीचा म्हणून काही वेगळा माझ्याकडं नाही. चित्र सरळ करून दिलं, स्क्रीन रस्त्यावर उन्हात आणून दाखवली, वायरीचा जोड आमच्यासमोर बादलीत रात्रभर ठेवला आणि सकाळी उघडून दाखवला. पहिल्या सेटच्या निम्म्याहून कमी पैसे पडले. गोड्या पाण्याच्या नदीला ट्रकचा चांगला कॅमेरा पुरतो, समुद्राच्या खाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. गाडीचा कॅमेरा विकला याबद्दल आमची तक्रार नाहीच. गाडीचा असताना बोटीचा म्हणून, खोटं लेबल लावून, तिपटीनं पैसे घेऊन विकला, ही तक्रार आहे.

सोललेलं लेबल, कॅमेरा, दोन्ही बिलं आणि उलट्या चित्राचा व्हिडिओ आयोगापुढं दिला आहे. मध्यंतरी दुकानदाराचा निरोप आला, निम्मे देतो, तक्रार मागं घ्या. काका नाही म्हणाले. त्याच जाहिरातीला भुलून शिरोळ भागातल्या एका नावाड्यानंही सेट घेतल्याचं कानावर आलंय. पुढच्या आठवड्यात त्याला भेटून त्याच्या कॅमेऱ्यावरचं लेबल सोलून बघणार आहोत.